हलकी विजेची स्पोर्ट्स कार : घाट, गतिरोधक आणि घरचं अर्थिंग

लहान कंपन्यांच्या हलक्या विजेच्या स्पोर्ट्स कार हा विषय या खेपेला बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांनी चांगलाच लावून धरला आहे. पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. हिशेबात ‘युनिट’ म्हणजे वीजबिलावरचं युनिट, एक किलोवॉट-तास.

प्रश्न : ब्रिटनच्या लाँगबो या नव्या कंपनीनं २०२५ मध्ये आपल्या स्पीडस्टर या विजेच्या दोनसीटरचं वजन ८९५ किलो जाहीर केलं. एमजी सायबरस्टर ही विजेचीच दोनसीटर दोन टनांच्या घरात आहे. वजन निम्म्याहून कमी, मग रेंजही (एका चार्जमधलं अंतर) दुप्पट का नाही? आमच्या कट्ट्यावर यावरून रोज वाद. (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : कारण महामार्गावर गाडी वजनापेक्षा हवेशी जास्त झुंजते. ताशी ९० किलोमीटरच्या स्थिर वेगाला नेहमीच्या आकाराच्या दोनसीटर गाडीला हवेसाठी १०० किलोमीटरला साधारण सव्वासहा युनिटं लागतात. त्यात वजनाचा संबंध नाही. टायरच्या घर्षणाला हजार किलोच्या गाडीला ३ युनिटं, दोन हजार किलोच्या गाडीला ६. मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) यांतली गळती धरली तर हलकी गाडी ११ युनिटं खाईल आणि जड गाडी साडेचौदा. म्हणजे बचत पाव हिश्शाची. त्यातून काच नि टप नसलेली गाडी असेल तर हवा आत घोटाळते आणि या बचतीतलाही काही भाग जातो.

तरीही कट्ट्यावरची वजनवाली मंडळी खोटं बोलत नाहीत, ती फक्त चुकीच्या रकान्यात फायदा मांडतात. हलकेपणा भरून देतो तो टायर, ब्रेक, वळणातली पकड आणि बॅटरीचा आकार यात. १६० वॉट-तास प्रति किलोच्या हिशेबानं ४० युनिटांचा पॅक २५० किलोचा होतो, ८० युनिटांचा ५०० किलोचा. पाचशे किलो वाहायचे तर चासी जाड, ब्रेक मोठे, टायर रुंद, आणि त्या सगळ्याचं वजन पुन्हा वर. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरमध्ये (२००८) ६,८३१ सेलचा ५३ युनिटांचा पॅक सुमारे ४५० किलोचा होता. ज्या पेट्रोलवरच्या लोटस एलिसवर ती बेतली, ती १९९६ मध्ये सव्वासातशे किलोंची म्हणून आली होती. रोडस्टर बाराशेच्या वर गेली. फरक कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

जाहिरातीतलं वजन वाचताना एक विचारा : यात चालक धरला आहे का? युरोपातल्या नियमांच्या आकड्यात ७५ किलोंचा चालक धरलेला असतो, इतर पद्धतींत नसतो. आणि गाडी ग्राहकांना मिळू लागण्याआधीचा आकडा हे लक्ष्य असतं. ब्रिटनच्याच केटरहॅमनं २०२३ मध्ये प्रोजेक्ट व्ही या विजेच्या गाडीसाठी १,१९० किलो सांगितले तेही लक्ष्य म्हणूनच. अपघात-चाचणीचे बीम, एअरबॅग, चार्जर बसले की वजन वाढतं. कमी झालेलं सहसा बघायला मिळत नाही.

प्रश्न : चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावाकडं उतरताना छोटी बॅटरी आणि ब्रेक तापणार नाहीत का? परत चढताना पॉवर कापली जाते असं ऐकलं. (वडगाव, बेळगाव)

उत्तर : उतार आधी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. दोन माणसांसकट ११०० किलोची गाडी तेवढी खाली आणली तर सव्वादोन युनिटं ऊर्जा सुटते. त्यातली बरीचशी टायर आणि हवा खातात, रिजनरेशनमधून (रिजन, म्हणजे मोटरच जनरेटर होऊन गाडी आवरते आणि वीज परत भरते) बॅटरीत परत येतं ते युनिटभर. २१५० किलोच्या गाडीत हाच आकडा जवळपास साडेचार युनिटांपासून सुरू होतो. म्हणून हलक्या गाडीच्या लहान ब्रेक-डिस्कना घाबरायचं कारण नाही.

‘फुल चार्ज करून घाट उतरू नका’ हा सल्ला तुम्हाला लागू पडत नाही. भरलेल्या बॅटरीत रिजन घेता येत नाही हे खरं, पण बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत घाटाच्या तोंडाशी येईतो पाच-सहा युनिटं खर्च झालेली असतात. सल्ला लागू पडतो आंबोलीला. रात्रभर हॉटेलात १०० टक्के भरून सकाळी थेट सावंतवाडीकडं उतरायला निघालात, तर पहिल्या काही वळणांत पेडल सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवरणार नाही. तिथं ८५ टक्क्यांवर थांबवा.

पावसाळ्यात धोका वेगळाच. यातल्या बहुतेक गाड्यांना मोटर मागच्या चाकांवर. ओल्या वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की सगळं रिजन मागच्याच टायरवर येतं आणि हलक्या गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर चाक घसरू लागताच रिजन कापतं. लहान कंपनीच्या गाडीत ही कापणी किती चटकन होते, हे टेस्ट ड्राइव्हला ओल्या मोकळ्या जागेत तपासा. जूनपासून घाटात रिजन सर्वात खालच्या पातळीवर ठेवा आणि ब्रेक पायानं मारा. माझदा मियाटासारख्या हलक्या पेट्रोल स्पोर्ट्स कारची सवय असलेल्यांना हे आवडत नाही, पण चोर्लातल्या धुक्यात हौसेला मर्यादा हवी.

चढ : ताशी ५० नं सहा टक्के चढ चढायला या गाडीला १२ किलोवॉटच्या आसपास पुरतात. त्यानं काही तापत नाही. तापतं ते प्रत्येक वळणातून दीडशे किलोवॉट ओढल्यानं. पॅक निम्मा केला की समांतर सेलही निम्मे, प्रत्येक सेलमधून दुप्पट करंट आणि सेलमधली उष्णता चौपट. पाच-सहा वळणांनंतर कंट्रोलर करंट कमी करतो. सेल वाचवण्यासाठीच ते असतं, बिघाड नव्हे. विक्रेत्याला शिखर पॉवर विचारू नका, ‘सलग दहा मिनिटं किती?’ हे विचारा. उत्तर कागदावर नसेल तर ते कमी आहे असं समजा.

प्रश्न : आमच्या गावात शिरताना पाच गतिरोधक. १२० मिलिमीटर क्लिअरन्सची (जमीन ते गाडीचं पोट) गाडी जाईल का? (चिक्कोडी)

उत्तर : गतिरोधक कोणता, त्यावर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा असेल तर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. २.३ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडीखाली त्याची कमान मधोमध जेमतेम ४ सेंटिमीटर वर येते. अडचण पोटाला नाही, पुढच्या बंपरच्या ओठाला.

पण गावकऱ्यांनी सांगून टाकून घेतलेला डांबराचा ढीग मीटरभर रुंद नि १५ सेंटिमीटर उंच असतो. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीनं येतो आणि १२० मिलिमीटरची गाडी पोटावर टेकते. तिरकी घातली तर एक-एक चाक चढतं आणि थोडी जागा मिळते, पण १५ सेंटिमीटरला तेही पुरत नाही. पट्टी घेऊन सगळे पाच मोजा, गाडी दोघं बसल्यावर १५-२० मिलिमीटर खाली बसते ते वजा करा. पॅक मजल्याखाली असलेली गाडी इथं घेऊच नये. मोटरच्या पुढं, सीटच्या मागं उभा पॅक असेल तर दगड लागून केसिंग फुटायची भीती कमी.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जुनं घर आहे. चार्जर लावला तर लाल दिवा येतो, गाडी चार्ज होत नाही. दुकानदार म्हणतो चार्जर बदला. (खानापूर)

उत्तर : चार्जर बदलू नका, आधी अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ नावापुरताच आहे. तुमच्याकडं जांभा. पावसाळ्यात ओला असतो तेव्हा चालतं, पाणी झरून गेलं की मार्चपासून रोध वाढतो आणि चार्जर नकार देतो. तीन मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), दुसरा रॉड तीन मीटर अंतरावर टाकून दोन्ही जोडा. खड्ड्यात पाणी ओतायला पाइप ठेवा.

३२ अँपिअरच्या ७.२ किलोवॉट चार्जरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी (जादा करंट तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लागते. चार्जरमध्ये डीसी गळतीचं संरक्षण असावं. हेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्या. ४० युनिटांची बॅटरी यावर सहा तासांत भरते. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तेरा तास, आणि ॲल्युमिनियमची जुनी वायर असेल तर सॉकेट वितळतो. तिथं करंट १० अँपिअरवर आणून ठेवा.

प्रश्न : परदेशातून एक गाडी मागवून कोल्हापूरचा नंबर घ्यावा म्हणतो. (निपाणी)

उत्तर : गाडी उजव्या स्टिअरिंगचीच हवी, म्हणून ब्रिटन आणि जपान. ब्रिटनच्या गाडीचं सीसीएस-२ पद्धतीचं चार्जिंग सॉकेट आपल्या महामार्गावरच्या चार्जरला बसतं, जपानच्या चाडेमो पद्धतीच्या सॉकेटला अडचण. नंबराचं म्हणाल तर गाडी वर्षाच्या वर निपाणीत राहिली की कर्नाटकात पुन्हा नोंदणी करावीच लागते. कर्नाटकनं २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना १० टक्के आजीवन कर लावला, त्यामुळं आधी चिक्कोडी आरटीओत सध्याचा दर विचारा.

प्रश्न : उद्यमबागेत आमची मशीन शॉप आहे. अशी गाडी इथंच बांधता येईल का? (बेळगाव)

उत्तर : चासी, सस्पेन्शन येईल. पण नकल्स (चाक धरणारे भाग) एसजी आयर्न या ओतीव लोखंडात ओतू नका, हात बसलेला असला तरी. ॲल्युमिनियमच्या मानानं घनता अडीचपट, आणि ते वजन स्प्रिंगच्या खाली येतं. ६०८२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या ठोकळ्यातून काढा.

हौशी बांधणीत सर्वात आधी तुटतो तो हॅचबॅकमधून घेतलेला ड्राइव्हशाफ्ट (चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा). त्या गाडीत पहिल्या गिअरला दोन चाकांत मिळून १६००-१७०० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर) येतो, तोही क्लच घसरत. २५० न्यूटन-मीटरची मोटर नऊच्या गुणोत्तरातून सव्वादोन हजार देते, तेही शून्य फेऱ्यांपासून. आधी स्प्लाइन (दांड्यावरचे दाते) पिळवटतात, मग सीव्ही जॉइंटचा (दांड्याचा वळता सांधा) पिंजरा फुटतो. कंट्रोलरमध्ये टॉर्क चढायला पाव सेकंद द्या, बरंच वाचतं.

पॅक मात्र घरी जोडू नका. ९६ सेल ओळीत म्हणजे ४०० व्होल्ट, आणि पॅकला ‘बंद’ असं काही नसतं. हजार व्होल्टचे हातमोजे, सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी मधून तोडणारा), इन्सुलेशन मॉनिटर (वीजगळतीवर लक्ष ठेवणारा) याशिवाय झाकण उघडायचं नाही. रस्त्यावर आणायची तर टाइप ॲप्रूव्हल (चाचण्यांनंतर मिळणारी सरकारी मंजुरी) लागते, एका गाडीसाठी ती परवडत नाही. बांधायचीच हौस असेल तर कॉलेजच्या मुलांना फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेच्या इलेक्ट्रिक गटासाठी सुटे भाग करून द्या. तिथं ६०० व्होल्टची मर्यादा आहे, आणि स्पर्धेआधी दुसऱ्याचा डोळा प्रत्येक जोडावरून फिरतो.

प्रश्न : पावसाळ्याचे चार महिने गाडी शेडमध्ये उभी ठेवायची आहे. (नंदगड)

उत्तर : ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. पूर्ण भरून नको, आणि १५ टक्क्यांवर तर मुळीच नको. उभ्या गाडीतही कंट्रोलर थोडी वीज पीत राहतो. जुन्या टेस्ला रोडस्टरचे काही पॅक असेच शून्यावर जाऊन कायमचे गेले. १२ व्होल्टच्या बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, ती मेली तर मोठ्या पॅकचे कॉन्टॅक्टर (पॅक गाडीला जोडणारे स्विच) जोडलेच जात नाहीत. चार्जिंगच्या झाकणाची रबरी कडा कोरड्या कपड्यानं पुसा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ पीएसआय हवा जास्त भरा. नारिंगी केबलच्या आसपास उंदराचा पिंजरा ठेवा, औषध नको. मेलेला उंदीर पॅकच्या मागं अडकला तर काढायला अर्धी गाडी उघडावी लागते.