वाचक विचारतात: लोक ‘ओके’ दाबतात पण मेसेज वाचतच नाहीत

प्रश्न: मी एका छोट्या टीमसाठी वेब ॲप्लिकेशन बनवतोय. रेकॉर्ड सेव्ह झालं की अलर्ट (ब्राउझरचा ‘ओके’वाला बॉक्स), एरर आला की अलर्ट, आणि डिलीट करायच्या आधी ‘खात्री आहे का?’ असा कन्फर्म बॉक्स. एवढं करूनही परवा एकाने महत्त्वाचं रेकॉर्ड डिलीट केलं आणि वर म्हणतो मला विचारलंच नाही. विचारलं होतं हो! मेसेज अजून मोठ्या अक्षरात, लाल रंगात दाखवू का?

उत्तर: नको, त्याने काहीच फरक पडणार नाही. आणि तो माणूस खोटं बोलत नाहीये. दिवसभरात वीसपंचवीस वेळा सेव्ह केलं की तितक्याच वेळा बॉक्स समोर येतो, प्रत्येकाला उत्तर एकच, ओके, मग डोळ्यांनी वाचायच्या आधीच हात एंटर दाबून मोकळा होतो. डिलीटचा बॉक्स पण तसाच दिसतो, तिथेच येतो, तोही तसाच गेला. म्हणजे आपणच त्याला न वाचता पुढे जायची सवय लावली, म्हणून मला वाटतं आधी मेसेज कमी करा, अक्षरं मोठी करायचं नंतर बघू.

ब्राउझरच्या त्या अलर्टचं अजून एक दुखणं आहे. तो उघडा असतो तोपर्यंत त्या पेजचं जावास्क्रिप्ट (पेजमागे चालणारा कोड) जागच्या जागी थांबतं, टायमर पण पुढे सरकत नाहीत, आणि मागचा फॉर्म बघून ‘अरे इथे काय चुकलं’ म्हणत दुरुस्त करायला जावं तर तेही करता येत नाही. बॉक्स सारखे सारखे यायला लागले की क्रोमसारखा ब्राउझर ‘या पेजचे बॉक्स परत दाखवू नका’ असा पर्याय देतो. कोणी तो टिक केला की तुमचा अलर्ट गपचूप गायब आणि कन्फर्म काही न दाखवता थेट ‘नाही’ असं उत्तर देतो, कोडला वाटतं युजरनेच नकार दिला. दुसऱ्याच्या साइटवर आयफ्रेममध्ये, म्हणजे त्यांच्या पेजच्या आत बसवलेल्या चौकटीत, चालणारं ॲप असेल तर याच्यावर विसंबूच नका. २०२१ मध्ये क्रोमने ९२ व्या व्हर्जनमध्ये वेगळ्या डोमेनच्या आयफ्रेममधले हे बॉक्स बंद केले होते, बऱ्याच साइट्स अडकल्या म्हणून तो बदल मागे घ्यावा लागला, पण हवा कुठल्या दिशेने वाहतेय ते कळतंच.

मग करायचं काय? सेव्ह झालं तर युजरला थांबवायची काही गरज नाही, बटणाजवळ छोटंसं ‘सेव्ह झालं’ आलं तरी पुरे. एरर ज्या फील्डचा आहे त्याच्या खालीच दाखवा आणि ‘चुकीचा इनपुट’ असलं काही लिहू नका, ‘तारीख आजच्या नंतरची हवी’ असं लिहा म्हणजे पुढे काय करायचं ते समजतं. आणि कृपा करून टाइप केलेलं सगळं पुसून टाकू नका! पानभर माहिती भरल्यावर एका फील्डसाठी पूर्ण फॉर्म कोरा झालेला बघून माणूस किती हताश होतो ते मी अनुभवलंय. लाल रंग द्या, पण नुसत्या रंगावर सोडू नका, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक असतात, सोबत शब्द हवाच.

डिलीटसाठी माझं मत विचाराल तर आधी विचारूच नका, डिलीट करा आणि ‘परत आणा’ असं बटण द्या. जीमेलमध्ये मेल पाठवल्यावर ५ ते ३० सेकंद तो मागे घेता येतो ना, तोच विचार. रेकॉर्ड लगेच डेटाबेसमधून उडवायचं नाही, फक्त डिलीटची खूण करून ठेवायची. जे खरोखरच परत आणता येत नाही तिथेच अडवा, त्यासाठी एचटीएमएलचा डायलॉग टॅग आहे, २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतो, मोडल म्हणून, म्हणजे बाकी पेज अडवून, उघडला की मागच्या पेजवर क्लिक होत नाही आणि एस्केपने बंद होतो. बटणांवर ‘ओके’ आणि ‘कॅन्सल’ नको, ‘ऑर्डर कॅन्सल करायची का?’ या प्रश्नाखाली ‘कॅन्सल’ बटण असेल तर माणसाने काय समजायचं? ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘राहू दे’ असं सरळ लिहा, आणि सुरुवातीचा फोकस ‘राहू दे’वर ठेवा, म्हणजे न वाचता एंटर दाबलं तरी तेच बटण दाबलं जाईल.

प्रश्न: कोपऱ्यात येऊन आपोआप जाणारा टोस्ट मेसेज किती सेकंद ठेवावा?

उत्तर: अँड्रॉइडचे टोस्ट २ किंवा साडेतीन सेकंद टिकतात, ‘कॉपी झालं’ एवढ्याला ते ठीक आहे. पण एरर आपोआप जाऊच देऊ नका, युजर बंद करेल तेव्हाच जाऊ दे.

मी एकदा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून आमचाच फॉर्म भरला जाताना ऐकलाय. सबमिट दाबलं आणि पुढे शांतता. स्क्रीनवर लाल टोस्ट आला, गेला, त्याला काहीच ऐकू आलं नाही, त्याने परत दाबलं, परत शांतता. ते अजून डोक्यातून जात नाही. उपाय दोन ओळींचा होता. पेजवर मेसेज ज्या डब्यात दिसतो त्याला एचटीएमएलमध्ये रोल द्यायचा, म्हणजे तो कशासाठी आहे ते स्क्रीन रीडरला कळतं: साध्या माहितीला ‘स्टेटस’, म्हणजे चालू वाक्य संपल्यावर वाचलं जातं, आणि तातडीच्या एररला ‘अलर्ट’ (हा फक्त रोल, वरचा ब्राउझरचा बॉक्स नव्हे), म्हणजे मध्येच थांबवून वाचलं जातं. सगळ्यालाच ‘अलर्ट’ दिलं तर ऐकणाऱ्याला तोच त्रास जो वर ओकेचा झाला. आणि तो डबा पेजवर आधीपासून रिकामा ठेवा, मजकूर नंतर टाका, डबा आणि मजकूर एकदमच आणले तर बऱ्याचदा वाचलं जात नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनची मार्गदर्शक तत्त्वं) ४.१.३ हा नियम याच्यासाठीच आहे. स्क्रीन खूप मोठी करून बघणाऱ्यांना एका वेळी थोडाच भाग दिसतो, कोपऱ्यातला टोस्ट त्यांच्या नजरेतच येत नाही, म्हणून जिथे क्लिक झालं त्याच्या आसपास दाखवलेलं बरं.

प्रश्न: सेव्ह झाल्यावर दुसऱ्या पेजवर रीडायरेक्ट करतो, तिथे मेसेज दाखवायला मी तो लिंकमध्येच जोडून पाठवतो. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. रिफ्रेश केलं की परत ‘सेव्ह झालं’ येतं, लिंक कोणाला पाठवली तर त्यालाही येतं. आणि कोणीही त्या लिंकमध्ये स्वतःचा मजकूर घालून तुमच्या साइटच्या नावाने लोकांना फसवू शकतो, तुम्ही तो इनरएचटीएमएलने, म्हणजे मजकूर कोड समजून, दाखवत असाल तर त्याची स्क्रिप्टसुद्धा चालू शकते. मेसेज सेशनमध्ये (सर्व्हर त्या युजरपुरती लक्षात ठेवतो ती माहिती) ठेवा, पुढच्या पेजवर एकदा दाखवा आणि काढून टाका, यालाच फ्लॅश मेसेज म्हणतात आणि लारावेल, जँगो, फ्लास्क या सगळ्या वेब फ्रेमवर्कमध्ये ही सोय तयार मिळते. रेकॉर्डचं नाव मेसेजमध्ये घ्यायचं असेल आणि ते जावास्क्रिप्टने दाखवत असाल तर टेक्स्टकंटेंटच वापरा, ते सगळं साधा मजकूर म्हणूनच दाखवतं, कारण नाव युजरने टाइप केलेलं असतं.