पाचाचा तिसरा घात पंधरा का नाही?

प्रश्न : मुलगी नुकतीच घातांक शिकू लागली आहे. ५³ = १५ असं लिहून ठेवते. समजावलं की मान डोलावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ५⁰ = १ का, असं तिने शिकवणीत विचारलं, तर ‘नियम आहे, पाठ कर’ म्हणाले. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, तिला पहिलं उदाहरण २² चं दिलं असणार. मी ते सुरुवातीला कधीच घेत नाही. दोनाला घातांकाने गुणलं तरी चार, आणि खरा वर्ग काढला तरी चारच! रीत चुकली तरी उत्तरावर बरोबरची खूण मिळते, मग ती रीत हटता हटत नाही. त्यापेक्षा ३⁴ घ्या. तीन चोक बारा कुठे आणि ८१ कुठे!

काही दिवस घातांक बाजूलाच ठेवा. ५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ × ५ असं सगळं लिहायला लावा. ती वैतागली की मगच सांगा, पाच किती वेळा आला ते मोज आणि कोपऱ्यात लिही. देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात घातांक असेच अक्षराच्या वर कोपऱ्यात लिहिले. वर्ग असला की मात्र तो पुष्कळदा तेच अक्षर शेजारी-शेजारी दोनदा लिहायचा. दोनदाच लिहायचं, तर कष्ट वाचणार ते काय?

३² × ३⁴ सुद्धा आधी उलगडूनच लिहू दे. सहा तीन तिचे तीच मोजेल. घातांकांच्या बेरजेचा नियम तुम्हाला सांगावा लागणार नाही.

आता शून्य. एकाखाली एक लिहा : ३⁴ = ८१, ३³ = २७, ३² = ९, ३¹ = ३. दर पायरीला काय होतंय, ते तिलाच विचारा. तीनने भागलं जातंय. मग पुढची पायरी ३ ÷ ३, म्हणजे १. तरी ती ‘शून्य’च म्हणेल, बहुतेक मुलं म्हणतात. अशा वेळी ३² × ३⁰ करायला द्या. घातांकांची बेरीज २, म्हणजे उत्तर ९ यायला हवं. ३⁰ शून्य धरलं तर ते येईल कसं? यावर ती गप्प बसली तर बसू द्या, घाई नको. पटलं की पुढची पायरी, ३⁻¹ = १/३, ती आपणहून उतरते.

(−२)⁴ = १६ पण −२⁴ = −१६, हा कंसाचा घोळ सध्या काढूच नका. आधी धन संख्यांवर हात बसू दे.