जुन्या सात सीटर ऑटोमॅटिकमध्ये गिअर उशिरा पडतो, झटका बसतो. गिअरबॉक्स उतरवायचा का?

तुमची गाडी बारा वर्षांची, सव्वा लाख किलोमीटर चाललेली. सकाळी डी (पुढे जायचा गिअर) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन पकडते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना आरपीएम (इंजिनचे फेरे) उगाच चढतो. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्याने ऑइल तपासलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तपासलेलं नसणार.

मी मेकॅनिक नाही. पण पुण्यात वडगाव बुद्रुकला राहून अशीच एक जुनी ऑटोमॅटिक सात वर्षं सांभाळतोय, त्यामुळे गॅरेजच्या बाकड्यावर बसून थोडंफार शिकलोय. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी, आहे असं धरतो. एएमटी किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर यातलं बरंचसं लागू होणार नाही.

आधी ऑइल. या गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं, त्याच्याच दाबावर आतले क्लच दाबले जातात. ऑइल कमी तर दाब कमी, मग गिअर उशिरा पकडणार. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) असेल तर गाडी वीसेक मिनिटं चालवून सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, परत पी म्हणजे पार्कवर आणा आणि इंजिन चालू ठेवूनच पातळी बघा. काही कंपन्या इंजिन बंद करून बघायला सांगतात, तेव्हा गाडीचं पुस्तक आधी उघडा. डिपस्टिकच नसेल तर गाडी लिफ्टवर घेऊन, ऑइलचं तापमान बघत, खालच्या प्लगमधून पातळी तपासावी लागते. ते घरी जमत नाही.

एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. लालसर असेल तर ठीक. चहासारखं तपकिरी म्हणजे जुनं झालंय. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा घासल्यात, तिथे तुमचा गॅरेजवाला बरोबर असू शकतो. आणि स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. मग गाडी चालवूच नका.

हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी कमी दिसली तर कुठेतरी गळतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल. नुसतं वरून ओतून निघालात तर महिन्याभरात पुन्हा तिथेच याल.

दुसरं म्हणजे आठवडाभर टिपणं काढा. थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर बरी, असं असेल तर आतली रबरी सीलं कडक झाल्याचा संशय जास्त. उलट सकाळी छान आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावर घसरायला लागली, तर गरम होऊन पातळ झालेल्या ऑइलवर दाब टिकत नाहीये. पंप किंवा आतली गळती बघावी लागते. नवले पुलाकडून नव्या कात्रज बोगद्याकडे जाणारा चढ आरपीएम चढतो का हे बघायला चांगला, पण भल्या सकाळी आणि डाव्या लेनमधून.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पी ०७०० हा कोड आला म्हणून गिअरबॉक्स गेला असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. खरी तक्रार त्या कॉम्प्युटरमध्ये असते आणि स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरला ती बऱ्याचदा वाचता येत नाही. पी ०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर, पी ०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय, खरोखर घसरतंय. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांना वायरी फार आवडतात, त्यामुळे सेन्सर बदलण्याआधी वायर आणि कनेक्टर डोळ्यांनी बघून घ्या.

माझी स्वतःची फजिती सांगतो. साठच्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, गाडी खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखी थरथरायची. मला दीड लाखाचा आकडा सांगितला गेला आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शेजारी बसून सांगितलं, "थरथर सुरू झाली की ॲक्सिलरेटर तसाच ठेव आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर." ब्रेकचा दिवा लागण्यापुरता. तेवढ्याने टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडणारा आतला क्लच, सुटतं. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अपचा किंवा ऑइलचा. माझी थांबली नाही. इग्निशन कॉइल गेली होती, इंजिन मिसफायर होत होतं. हा प्रयोग मागे गाडी नसतानाच करा, डाव्या पायाला ब्रेकचा अंदाज नसतो.

ऑइल बदलायचं ठरलं तर मशीन लावून फ्लश करू नका, जुन्या दुर्लक्षित गिअरबॉक्सला तर नाहीच. खालून काढून तेवढंच भरा. एका वेळी सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा दोनदा तेच करा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. नाना पेठेत "लाल ऑइल द्या" म्हणून मिळेल ते नको. पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडला की स्वतः उभे राहून त्यातलं चुंबक बघा. राखाडी मऊ लगदा चालतो, टोचणारे धातूचे तुकडे नाही.

गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, की लाइन प्रेशर गेज (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब मोजायचं मीटर) लावून बघितलं का. गेजच नसेल तर उतरवायचं कशाच्या जोरावर ठरवलं?

आणि एक राहिलं. सकाळी रिव्हर्सही तितकाच उशिरा पडतो का ते बघून इथे कळवा. दोन्ही उशिरा असतील तर मी ऑइल आणि दाबामागे लागेन. फक्त डी उशिरा असेल तर पुढे जायच्या गिअरचा क्लच किंवा त्याचं सील, आणि त्यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.