हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी कमी धक्क्याची काडतुसे

आपल्याकडे .३८ स्पेशलचे दोन इंची नळीचे हलके रिव्हॉल्व्हर आहे, संधिवातामुळे त्याचा धक्का हाताला सोसत नाही आणि स्वसंरक्षणासाठी कोणते काडतूस घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे मत १४८ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीचे वजन मोजण्याचे एकक, सुमारे ०.०६५ ग्रॅम) वॉडकटरच्या, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीच्या काडतुसाच्या बाजूने आहे. ही काडतुसे निशाणेबाजीच्या सरावाची म्हणून ओळखली जातात, त्यामुळे अनेक जण ती विचारातही घेत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

धक्का जोखण्यासाठी गोळीचे ग्रेनमधील वजन आणि फूट प्रति सेकंद वेग यांचा गुणाकार करावा. सुमारे ७०० च्या वेगाने जाणाऱ्या १४८ ग्रेनच्या वॉडकटरचा गुणाकार १,०४,००० च्या आसपास येतो, तर ८५० च्या वेगाच्या १५८ ग्रेनच्या +पी (नेहमीपेक्षा जास्त दाबाच्या) काडतुसाचा १,३४,००० च्या पुढे जातो. हाताला जाणवणारी ऊर्जा या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये दुसऱ्या काडतुसाचा धक्का दीडपटीहून अधिक होतो.

१०० ते ११० ग्रेनच्या हलक्या हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या व आत शिरल्यावर उमलून रुंद होणाऱ्या गोळ्यांचा किंवा हॉर्नाडी कंपनीच्या ९० ग्रेनच्या ‘क्रिटिकल डिफेन्स लाइट’चा धक्काही वॉडकटरच्या जवळपासच असतो. प्रश्न वेगळाच आहे. हॉलो पॉइंट गोळी उमलण्यासाठी वेग लागतो आणि आखूड नळीत तोच कमी पडतो. शिवाय जाड कपड्यांतून जाताना तिच्या पोकळीत कापड भरले तर ती उमलतच नाही, आणि वजनाने हलकी असून उमलली तर पुरेशी खोल जात नाही. मायामीतील १९८६ च्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने, चाचणीत शरीराच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच खोली हा निकष धरला. सपाट तोंडाची वॉडकटर गोळी उमलण्यावर अवलंबून नसते, पूर्ण व्यासाचे स्वच्छ छिद्र पाडते आणि तेवढी खोली साधारणपणे गाठते. तिची एक अडचण मात्र खरी आहे: सपाट तोंडामुळे घाईत सिलिंडर पुन्हा भरणे अवघड जाते, म्हणून राखीव काडतुसे गोल किंवा निमुळत्या टोकाची ठेवावीत.

स्थिर साइट असलेली अनेक रिव्हॉल्व्हर १५८ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेली असतात. हलकी, वेगवान गोळी नळी वर उचलली जाण्याआधीच बाहेर पडते आणि नेमाच्या खाली लागते. त्यामुळे निवडलेले काडतूस आपल्याच रिव्हॉल्व्हरमधून कागदावर झाडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

काडतुसाइतकेच महत्त्व रिव्हॉल्व्हरच्या वजनाला आहे. ॲल्युमिनियम चौकटीचे रिव्हॉल्व्हर सुमारे ४२५ ग्रॅमचे, तर त्याच आकाराचे पोलादी साडेपाचशे ते साडेसहाशे ग्रॅमचे असते, आणि वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमचा दिलासा मनगटाला मिळतो. मुठीची मागची धातूची कड झाकणारी रबरी मूठ बसवावी. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. रिव्हॉल्व्हर बदलणे शक्य असेल तर .३२७ फेडरल मॅग्नमचे पाहावे, कारण त्यात .३२ एच अँड आर मॅग्नम आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँग ही सौम्य काडतुसेही चालतात आणि लहान चौकटीत पाचऐवजी सहा मावतात. .२२ रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे काडतूस, मी अखेरचा पर्याय मानतो. त्याचे काडतूस पेट न घेण्याची शक्यता अधिक असते, आणि ते पेटावे म्हणून चापही बहुधा जड ठेवलेला असतो.

बोटे दुखत असतील तर त्रास धक्क्याचा आहे की जड चापाचा, हे आधी तपासावे. रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि सुरक्षित दिशेला रोखून चाप ओढून पाहावा. तो पूर्ण ओढताना साइट हलत असेल, तर सौम्य काडतुसानेही नेम सुधारणार नाही.

शेवटची तपासणी सरावाच्या मैदानावर करावी. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आधीच्या धक्क्यांनी न झाडलेल्या काडतुसातील गोळी पुंगळीतून पुढे सरकू शकते आणि सिलिंडर अडू शकते. चार काडतुसे झाडावीत, पाचवे बाहेर काढून नव्या काडतुसाशेजारी धरावे. लांबीत फरक दिसला तर ते काडतूस त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद समजावे.