मानववंशशास्त्रात बी.ए. करताना ऑनर्स थिसिस करावा का? विद्यार्थ्यांच्या लेखन पुरस्कारांना पुढे काही किंमत असते का?

पदवीच्या शेवटी स्वतः संशोधन करून लिहायचा हा प्रबंध, म्हणजे ऑनर्स थिसिस, जरूर करा. पुरस्काराचं नंतर बघू.

तुमच्या प्रश्नात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: उन्हाळ्यात शिकागोच्या आसपासच्या मराठी कुटुंबांत फील्डवर्क करायचंय आणि मार्गदर्शकांनी टिपणं इंग्रजीतच ठेवायला सांगितलंय. मी उत्तर लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. माझ्या थिसिसचं जे नुकसान झालं, ते नेमकं तिथे झालं.

माझा विषय होता बाळंतपणासाठी भारतातून येणाऱ्या आया आणि सासवा. सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात, बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशेपा, सुंठ भरून आणतात, नातवंडाचं न्हाऊमाखू करतात आणि मुदत संपायच्या आत परत जातात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडजवळच्या अपार्टमेंटांमध्ये मी अशा आठ बायकांकडे उन्हाळाभर जात होते. त्यातल्या एक कराडच्या काकू. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "तुझं ते रेकॉर्डर आत ठेव. बोलायचं तर बोलू, नाहीतर चहा पिऊन जा." म्हणजे जे काही मिळणार होतं ते माझ्या वहीत.

काकूंनी पहिल्या आठवड्यात बाळंतिणीला शेक-शेगडी करायला जुन्या कढईत निखारे केले, वर ओवा आणि धूप टाकला. दोन मिनिटांत स्मोक अलार्म कोकलायला लागला. जावई खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालतोय, बाळ रडतंय, शेजारची बाई दार वाजवतेय. त्यानंतर शेगडी बंद झाली. काकू ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला लागल्या. पण खरी लढाई वेगळीच होती. खोलीत छताजवळ सेंट्रल एसीची जाळी होती आणि तिचा झोत थेट पलंगावर यायचा. जावई म्हणायचा, बंद करता येत नाही, सगळ्या घराचा एकच आहे. काकूंनी जुन्या कालनिर्णयाची पानं चिकटपट्टीने त्या जाळीवर लावली. संध्याकाळी जावयाने ती काढली, सकाळी काकूंनी पुन्हा लावली. हे मी तीन आठवडे पाहिलं.

मी विचारलं, का लावता? काकू म्हणाल्या, "अगं पोरी, ओल्या अंगाला वारं लागलं की ते आत बसतं. आत्ता नाही कळत. साठीला कंबर धरते." मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. दुसऱ्या बाळंतपणात अकराव्या दिवशी विहिरीवर धुणं घेऊन गेल्या होत्या, सासूने पाठवलं होतं. सांगताना त्या उठल्या तर एक हात गुडघ्यावर, एक ओट्यावर, आणि म्हणाल्या, "हे बघ, हे त्या दिवसाचं वारं."

पहिले दहा दिवस मी टिपणं मराठीत घेत होते. मग माझ्या थिसिसच्या दुसऱ्या परीक्षकांनी वही मागितली. पानं उलटली आणि म्हणाले, हे मला वाचता येत नाही, मी तपासणार कसं? यापुढे इंग्रजीत लिही. मी वीस वर्षांची होते, हो म्हणाले. विहिरीची गोष्ट काकूंनी सांगितली ती त्यानंतर. त्या रात्री मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. त्यांचा अर्थ एवढाच होतो: आजी मुलीला सर्दी होऊ नये म्हणून एसीची जाळी झाकते, आजीला स्वतःला कंबरदुखी आहे.

सर्दी हा शब्द काकूंनी एकदाही उच्चारला नव्हता. वारं म्हणजे सर्दी नव्हे. आज अंगात शिरून चाळीस वर्षांनी बाहेर येणारी गोष्ट होती ती. काकू त्या कालनिर्णयाच्या पानांनी लेकीच्या म्हातारपणाची सोय करत होत्या, आणि आपल्या सासूने जे केलं नाही ते करत होत्या. डिसेंबरमध्ये लिहायला बसले तेव्हा 'वारं' या प्रकरणासाठी माझ्याकडे पानंच्या पानं सर्दीच निघाली. काकू तोवर कराडला परत गेल्या होत्या. मला आठवत होतं सगळं, पण टिपणात नाही ते थिसिसमध्ये पुरावा म्हणून घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. ऑनर्स मिळालं. विभागाचा लेखन पुरस्कार मिळाला नाही. निवड समितीचा शेरा होता की वर्णन चांगलं आहे, पण वाऱ्याबद्दलच्या दाव्याला आधार कमी पडतो. समितीचं चुकलं नाही. आधार मराठी पानांतच मिळाला असता, ती मी लिहिलीच नाहीत.

परीक्षकांशी मी तेव्हा वाद घालू शकले नाही, आता घालते. तपासता यावं म्हणून इंग्रजी, हा युक्तिवाद मला पटत नाही. इंग्रजीत लिहिल्याने तपासता येतं ते फक्त माझं भाषांतर. मूळ बोलणं तर जागच्या जागी नाहीसं होतं, ते कुणालाच तपासता येत नाही. इरावती कर्वे यांच्या 1953 च्या भारतीय नातेसंस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथात नात्यांचे शब्द भाषावार दिलेले आहेत, ते याचसाठी. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना एकाच इंग्रजी शब्दात कोंबलं तर अभ्यासायला उरतं काय?

अमेरिकी लेखिका आणि मानववंशशास्त्रज्ञ झोरा नील हर्स्टन यांचं उदाहरण तर प्रत्येक ऑनर्सवाल्याने पाठ करावं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्याकडे शिकत असताना, 1927 साली, त्या अलाबामात मोबीलजवळ कजो लुइस यांना भेटायला गेल्या. 1860 मध्ये क्लोटिल्डा जहाजातून गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी ते एक. त्यावर्षी हर्स्टन यांनी जो लेख छापला त्याचा मोठा भाग एका जुन्या पुस्तकातून उचललेला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. पण त्या पुन्हा गेल्या, महिनोन्‌महिने त्यांच्याकडे बसल्या आणि कजोंचं बोलणं कजोंच्याच बोलीत उतरवलं. प्रकाशकाने बोली काढून साध्या इंग्रजीत द्यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. पुस्तक 2018 साली आलं. पदवी शिकताना झालेली चूक पुन्हा जाऊन, ऐकून, जसंच्या तसं लिहून दुरुस्त करता येते. मला काकूंकडे पुन्हा जाता आलं नाही.

आता तुमच्या पुरस्कारांचं. विभागाचे पुरस्कार लहान असतात, थोडी रक्कम आणि पदवीदान समारंभात नाव. बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांनी शिफारस करावी लागते, त्यामुळे मार्गदर्शकांना आधीच सांगून ठेवा. हार्वर्डचा हूप्स पुरस्कार मोठा मानतात, तो विद्यार्थ्याबरोबर मार्गदर्शकालाही मिळतो, पण तो त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी. बाहेरच्यांत मेडिकल अँथ्रोपॉलॉजीच्या सोसायटीचा पदवी विद्यार्थ्यांच्या निबंधासाठीचा रिव्हर्स पुरस्कार आहे, आणि स्त्रीवादी मानववंशशास्त्राच्या संघटनेच्या सिल्व्हिया फोरमन पुरस्कारात पदवीचा वेगळा गट आहे. ज्यांच्या नावाने पहिला पुरस्कार आहे ते ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स आपल्या निलगिरीत तोडा आदिवासींमध्ये राहून गेले, 1906 साली त्यांचं पुस्तक आलं, आणि ते काम त्यांनी दुभाष्यांच्या मदतीने केलं होतं. तुम्हाला दुभाष्या लागणार नाही. ही तुमची जमेची बाजू आहे, ती इंग्रजी टिपणं घेऊन घालवू नका.

पीएच.डी.च्या प्रवेशाला पुरस्काराचा उपयोग होतो, पण त्याहून जास्त उपयोग थिसिसच्या एका चांगल्या प्रकरणाचा आणि मार्गदर्शकांच्या पत्राचा. त्यामुळे मार्गदर्शकांशी भांडून बसू नका. मधला मार्ग असा: टिपणं मराठीत, आठवड्याला चार-पाच पानांचं भाषांतर त्यांना द्या, आणि शेवटी परिशिष्टात मूळ वाक्यं देवनागरीत ठेवा. त्यांनी तरीही नाही म्हटलं तर दोन वह्या करा. कष्ट दुप्पट होतात, मला माहीत आहे. तुमच्या घरांतली मुलं आपसात इंग्रजीच बोलत असतील तर त्यांचं अर्थात इंग्रजीतच लिहा, माझं म्हणणं जे ज्या भाषेत बोललं गेलं त्याबद्दल आहे. आणि माझा अनुभव एका विद्यापीठाचा. तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात.

एक गोष्ट मात्र आजच करा. आयआरबीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, अर्जात भाषेच्या रकान्यात मराठीही लिहा आणि संमतिपत्राची मराठी प्रत सोबत जोडा. मंजुरीच्या आधी घेतलेल्या मुलाखतींना मागाहून मंजुरी मिळत नाही, आणि उन्हाळ्यात आलेल्या आज्या दिवाळीपर्यंत परत गेलेल्या असतात.