स्कझी कंट्रोलर (डिस्क जोडणारा भाग) बदलल्यावर विंडोज सर्व्हरचा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बूट होत नाहीये, डेटा गेला का?

घाबरू नका, डेटा जागेवरच आहे. तुम्ही एसक्यूएल (डेटाबेस) फास्ट व्हावं म्हणून कंट्रोलरचा टाइप एलएसआय लॉजिक सॅसवरून थेट व्हीएमवेअर पॅराव्हर्च्युअल केलात, पण विंडोजने तो ड्रायव्हर कधी बूटसाठी लोडच केलेला नव्हता, म्हणून निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस आलं. व्हीएम पॉवर ऑफ करा, एडिट सेटिंग्जमध्ये कंट्रोलर परत एलएसआय लॉजिक सॅस करा, उठेल. स्टार्टअप रिपेअरच्या नादी लागू नका, बिघडलेलं काहीच नाहीये.

आता नीट बदलायचं तर आधी व्हीएमवेअर टूल्स टाकलेत ना बघा, ड्रायव्हर त्यातून येतो. व्हीएम बंद असतानाच एक स्नॅपशॉट, म्हणजे गरज पडली तर परत जाता येईल अशी नोंद, घ्या (काम झालं की आठवणीने डिलीट करा, लोक महिनोन्महिने ठेवतात आणि मग व्हीएमच्या फाइल्स जिथे असतात तो डेटास्टोअर भरला म्हणून ओरडतात). मग दुसरा स्कझी कंट्रोलर ॲड करा, टाइप पॅराव्हर्च्युअल, आणि १ जीबीची डमी डिस्क, तिचा व्हर्च्युअल डिव्हाइस नोड १:० (कंट्रोलर १, जागा ०) ठेवा. इथेच बरेच जण गंडतात, डिस्क ०:१ वर गेली तर ती जुन्याच कंट्रोलरला लागते आणि सगळी मेहनत पाण्यात. विंडोज चालू करून डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली पीव्हीस्कझी (म्हणजे हाच पॅराव्हर्च्युअल) दिसला की शट डाउन, डमी डिस्क काढा, मग कंट्रोलर ० चा टाइप बदला. बूट झाल्यावर डेटा डिस्क ऑफलाइन दिसल्या तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून ऑनलाइन करा, तो विंडोजच्या सॅन पॉलिसीचा (नवीन दिसलेली डिस्क आपोआप ऑनलाइन करायची का, हे ठरवणारी सेटिंग) प्रताप असतो.

पण खरं सांगू का, नुसता सी ड्राइव्ह हलवून एसक्यूएलला काही ढिम्म फरक पडणार नाही. डेटा, लॉग आणि टेम्पडीबीच्या (एसक्यूएलचा तात्पुरता डेटाबेस) डिस्क वेगवेगळ्या पॅराव्हर्च्युअल कंट्रोलरवर टाका, एका व्हीएमला असे ४ लावता येतात आणि प्रत्येकाची रांग वेगळी असते, बँकेत एकाच खिडकीवर गर्दी करण्यापेक्षा चार खिडक्या उघडल्यासारखं. शिवाय पीव्हीस्कझीत एका डिस्कची रांग डिफॉल्ट ६४ ची असते, रजिस्ट्रीतून २५४ पर्यंत नेता येते.

हे सगळं करायच्या आधी होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतो तो सर्व्हर) ईएसएक्सटॉप हे परफॉर्मन्स दाखवणारं टूल लावून डीएव्हीजी, म्हणजे स्टोरेजला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ, बघा. कामाच्या वेळेत तो सतत २५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर मागचं स्टोरेजच स्लो आहे, कंट्रोलर कुठलाही लावा, तसंच चालणार.