मॅन्युअलवर ‘फक्त लायसन्सधारकांसाठी’ छापलंय, मग विकत घेता येईल का?

तुमची अडचण थोडक्यात अशी. सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर नाही म्हणून कंपनी छापील मॅन्युअल विकायला तयार नाही, आणि बंद पडलेल्या एका ऑफिसातला माणूस त्याचाच जुना संच द्यायला तयार आहे, पण आतल्या पानावर ‘फक्त लायसन्सधारकांसाठी, दुसऱ्याला देऊ नये’ असं छापलंय. घेतलं तर केस होईल का, असं तुम्ही विचारताय.

माझं मत, घ्या, पण आधी एक विचारा, हा संच त्याच्याकडे आला कसा?

कंपनीने नाही म्हटलं त्यावर फारसं काही करता येत नाही, आपला माल कुणाला विकायचा हे साधारणपणे तीच ठरवते. पण एकदा विकलेली प्रत पुढे कुणाकडे जावी हे कॉपीराइटच्या जोरावर तिला ठरवता येत नाही. एका प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकलं तर कॉपीराइटचा भंग समजू, दुकानदाराने ८९ सेंटला विकलं, आणि १९०८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात प्रकाशक हरला. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही कलम १४ मध्ये आधीच विकल्या गेलेल्या प्रती वेगळ्या काढल्यात. आतल्या पानावरची ओळ हा फार तर कंपनी आणि तिच्या मूळ ग्राहकातला करार, तुम्ही त्यावर सही केलेली नाही.

खरी भीती वेगळीच आहे. काही कंपन्या मॅन्युअल विकतच नाहीत, वापरायला देतात, करारात ‘मालकी आमची, मागितल्यावर परत करा’ असं असतं, कधी गोपनीयतेचीही अट असते. तसं असेल तर ती प्रत मुळात त्या ऑफिसची नव्हती, आणि जे आपलं नाही ते विकता येत नाही, त्यामुळे तुम्ही पैसे देऊनही मालक होत नाही. शिवाय ऑफिस बंद पडलंय, तिथल्या सामानावर आता कुणाचा हक्क आहे आणि या माणसाला विकायचा अधिकार आहे का, हेही बघा. पान उलटून ‘गोपनीय’ किंवा ‘कंपनीची मालमत्ता’ असा शिक्का दिसला तर सरळ सोडून द्या, उगाच डोक्याला ताप.

मॅन्युअलच्या मागच्या कव्हरच्या खिशात सीडी असेल तर ती इन्स्टॉल करू नका प्लीज. सॉफ्टवेअरचं गणित कागदासारखं नाही, अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने २०१० मध्ये ऑटोकॅड या नकाशे-आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती विकणाऱ्याच्या विरोधात निकाल दिला, कारण त्या विकलेल्या नव्हत्या, लायसन्सवर दिलेल्या होत्या.

आणि स्कॅन करून सहकाऱ्यांना पीडीएफ पाठवायचा विचार तुम्ही लिहिलाय तो सोडा, प्रत विकत घेतली म्हणजे नक्कल वाटायचा हक्क मिळाला असं होत नाही. मॅन्युअल मोकळ्या लायसन्सखाली, म्हणजे नक्कल करून वाटायची परवानगी आधीच दिलेली, असेल तर गोष्ट वेगळी. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्समध्ये छापून विकायलासुद्धा परवानगी आहे, फक्त अटी पाळायच्या, जसं १०० च्या वर छापील प्रती काढल्या आणि लायसन्सच्या सूचनेत मुखपृष्ठावरचा मजकूर ठरवून दिलेला असेल तर तो छापावाच लागतो.

सौदा केलात तर पावती घ्या, तीत एवढंच लिहून घ्या की हा संच विकत घेतलेला होता, विकण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, आणि यासोबत सॉफ्टवेअर दिलेलं नाही. तो सही करायला का-कू करायला लागला तर पैसे देऊ नका.